नागपट्टिनम : तीर्थक्षेत्रांचा किनारा आणि विकासाची कसोटी

दिल्लीतील करोल बाग असो वा पुण्यातील सदाशिव पेठ, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा विद्यार्थी इतिहास, भूगोल, पर्यटन आणि आपत्ती व्यवस्थापन हे विषय वेगवेगळ्या वह्यांतून अभ्यासतो. प्रत्यक्ष जिल्ह्यात मात्र हे विषय एकाच भूमीवर एकत्र नांदत असतात. तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावरील नागपट्टिनम जिल्हा हे त्याचे बोलके उदाहरण होय. तीन धर्मांची मोठी श्रद्धास्थाने, तंजावरच्या मराठी राजघराण्याच्या खुणा, मिठाच्या सत्याग्रहाची स्मृती आणि २००४ च्या त्सुनामीची जखम या जिल्ह्यात शेजारी शेजारी आढळते. तीर्थक्षेत्रांचा विकास म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी या जिल्ह्याचा अभ्यास उपयुक्त ठरतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

हा जिल्हा १९९१ साली तंजावर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. पुढे २०२० साली त्याच्या उत्तर भागातून मयिलाडुतुरै हा जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी १६२० पासून वसवलेले तरंगंबाडी (ट्रांकेबार) आता नागपट्टिनम जिल्ह्यात मोडत नाही. जुनी पुस्तके वाचताना हा बदल ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील ही भूमी सपाट व सखल आहे. येथे पावसाचा मोठा वाटा ईशान्य मोसमी वाऱ्यांपासून, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मिळतो. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा हंगामही हाच असतो. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला कोडिक्करै येथे किनारा एकदम पश्चिमेकडे वळतो व तेथून पाल्कच्या सामुद्रधुनीचा प्रदेश सुरू होतो.

श्रद्धास्थानांचा वारसा

नागपट्टिनम हे चोळ काळातील महत्त्वाचे बंदर होते. आग्नेय आशियातील श्रीविजयच्या राजाने अकराव्या शतकाच्या प्रारंभी येथे चूडामणी विहार हा बौद्ध विहार उभारला आणि राजराज चोळ या शिवभक्त सम्राटाने आनैमंगलम या गावाचे उत्पन्न त्यास दान दिले. या विहाराच्या इमारतीचा शेवटचा अवशेष १८६७ साली पाडण्यात आला. शहरातील कायारोहणस्वामी व नीलायताक्षी यांचे मंदिर, जवळच्या सिक्कल येथील मुरुगन मंदिर आणि दक्षिणेकडील वेदारण्यम येथील वेदारण्येश्वराचे मंदिर ही शैव परंपरेतील प्रमुख स्थाने होत.

शहराच्या उत्तरेस काही किलोमीटरवर नागूर येथे सोळाव्या शतकातील सूफी संत शाहुल हमीद यांचा दर्गा आहे. दर्ग्याच्या पाच मिनारांपैकी सर्वांत उंच, सुमारे १३१ फुटांचा मिनार तंजावरचे मराठे राजे प्रतापसिंह (कारकीर्द १७३९ ते १७६३) यांनी बांधवला. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापलेले हे राज्य १८५५ मध्ये संपुष्टात आले; मात्र हा मिनार आजही उभा आहे. राज्यकर्त्याने आपल्या धर्माबाहेरील श्रद्धास्थानास आश्रय द्यावा, ही चोळांपासून चालत आलेली प्रथा मराठ्यांनी येथे पुढे चालवली, असे दिसून येते. दर्ग्याच्या वार्षिक कंदुरी उत्सवात आजही हिंदू भाविक मोठ्या संख्येने सहभागी होतात.

शहराच्या दक्षिणेस वेलंकन्नी येथे आरोग्यमातेचे चर्च आहे. १९६२ साली पोप तेविसावे जॉन यांनी त्यास बॅसिलिकाचा दर्जा दिला. २९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळातील उत्सवासाठी लाखो भाविक येतात व त्यांपैकी अनेक जण लांबून पायी चालत येतात. उत्सवकाळात मुंबई व गोव्याहून विशेष रेल्वेगाड्या सोडल्या जातात. २०१० साली नागपट्टिनम ते वेलंकन्नी हा रेल्वेमार्ग सुरू झाल्याने ही यात्रा अधिक सुलभ झाली.

सत्याग्रह आणि निसर्ग

महात्मा गांधींच्या दांडी यात्रेपाठोपाठ एप्रिल १९३० मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमपर्यंत पदयात्रा काढून मिठाचा कायदा मोडला. मिठागरे आजही या परिसराच्या उपजीविकेचे साधन आहेत. तेथून जवळच कोडिक्करै (पॉइंट कॅलिमियर) अभयारण्य आहे. काळवीट व रोहित पक्षी यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या पाणथळ प्रदेशाचा २००२ साली रामसर यादीत समावेश झाला.

२६ डिसेंबर २००४

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्रतळाशी प्रचंड भूकंप झाला. त्सुनामीच्या लाटा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पोहोचण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागला. या दोन तासांत किनारा रिकामा करता आला असता. परंतु हिंदी महासागरात त्या वेळी पूर्वसूचना यंत्रणाच नव्हती. तत्कालीन नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. संपूर्ण राज्यातील मृतांची संख्या सुमारे आठ हजार होती. म्हणजे दर चार मृतांपैकी तीन या एकाच जिल्ह्यातील होते. त्यांत मच्छीमार वस्त्यांतील स्त्रिया व मुले होती, तसेच वेलंकन्नीच्या वाळूवर उतरलेले परगावचे यात्रेकरूही होते.

या घटनेने धोरणांना वेगळे वळण मिळाले. २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत झाला. ऑक्टोबर २००७ मध्ये हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात (इन्कॉइस) त्सुनामी पूर्वसूचना केंद्र कार्यान्वित झाले. भूकंपानंतर काही मिनिटांतच पहिली सूचना देण्याची त्याची क्षमता आहे. मात्र सूचना केंद्रापासून वाळूवरील माणसापर्यंतचे अंतर पार करणे हे स्थानिक प्रशासनाचे काम आहे. मच्छीमाराला वाटा ठाऊक असतात. एका दिवसासाठी आलेल्या यात्रेकरूला ना वाट ठाऊक असते, ना भाषा. म्हणून भोंगे, अनेक भाषांतील फलक, उंच जागी निवारे आणि उत्सवापूर्वीची रंगीत तालीम यांना यात्रास्थळी विशेष महत्त्व प्राप्त होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ धडकले, तेव्हा या किनाऱ्यावरील धोका एकाच प्रकारचा नाही, हेही स्पष्ट झाले.

जागा कोणाची?

त्सुनामीनंतर राज्य शासनाने भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आतील कुटुंबांना त्यापलीकडे घरे देण्याचे धोरण स्वीकारले. घर सुरक्षित झाले. पण होडी व जाळी यांपासून ते दूर गेले. दुसरीकडे त्याच किनाऱ्याला पर्यटनाची मागणी असते. २०१९ च्या सागरी किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागातील ना-विकास क्षेत्र २०० मीटरवरून ५० मीटरपर्यंत कमी करण्याची तरतूद केली आणि किनाऱ्यावर तात्पुरत्या पर्यटन सुविधांनाही वाव दिला. सुरक्षिततेच्या कारणास्तव मच्छीमाराने सोडलेली जागा उद्या विश्रामगृहास मिळाली, तर तो विकास न्याय्य म्हणता येईल काय, हा येथील कळीचा प्रश्न आहे.

केंद्र शासनाच्या ‘प्रसाद’ योजनेतील पहिल्या १२ स्थळांत, तसेच २०१५ मध्ये सुरू होऊन २०१९ मध्ये संपलेल्या ‘हृदय’ योजनेतील १२ शहरांत वेलंकन्नीचा समावेश होता. रस्ते, स्वच्छतागृहे व दिवाबत्ती यांची गरज निर्विवाद आहे. तथापि, येणाऱ्याच्या सोयीइतकीच त्याची सुरक्षितता आणि तेथे राहणाऱ्याची उपजीविका हेही विकासाचे निकष मानले पाहिजेत. पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी येथे परधर्मीयांच्या श्रद्धेला आश्रय दिला. आजच्या शासनसंस्थेने यात्रेकरू व मच्छीमार या दोघांच्या जीविताला तसाच आश्रय देणे, हे त्या वारशाचे खरे जतन ठरेल.

सरावासाठी प्रश्न

१. ‘तीर्थक्षेत्राचा विकास आणि आपत्ती सज्जता या एकाच नियोजनाच्या दोन बाजू आहेत.’ नागपट्टिनमच्या संदर्भात चर्चा करा.

२. सागरी किनारा नियमनातील बदलांचा पारंपरिक मच्छीमार व पर्यटन व्यवसाय यांवर होणारा परिणाम स्पष्ट करा.