द्वारकेचा शोध : श्रद्धा आणि पुरातत्त्व

भगवान श्रीकृष्णांनी पश्चिम सागरतीरी वसविलेली द्वारका ही सप्तपुरींपैकी एक व चार धामांतील पश्चिमेचे धाम होय. भगवंतांच्या निजधामगमनानंतर समुद्राने ही नगरी आपल्या उदरात घेतली, अशी कथा महाभारताच्या मौसल पर्वात आहे. रुसलेल्या रुक्मिणीमातेच्या शोधात द्वारकानाथ दिंडीरवनात आले व पंढरीस विठ्ठलरूपाने उभे राहिले, या परंपरेमुळे मराठी भाविकास द्वारका आपलीच वाटते. गोमतीघाटावर स्नान करून समुद्राकडे पाहताना ‘मूळ द्वारका कोठे असेल?’ हा प्रश्न त्याच्या मनात सहज उभा राहतो.

भूमीवरील व समुद्रातील शोध

१९६३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली मंदिराजवळ उत्खनन झाले. त्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचा मागोवा लागला. १९७९-८० मध्ये डॉ. एस. आर. राव यांना मंदिराच्या प्रांगणात पूर्वीच्या मंदिरांचे अवशेष आढळले. १९८३ पासून त्यांच्याच नेतृत्वाखाली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पाण्याखाली शोध घेतला. समुद्रनारायण मंदिरासमोर घडीव दगडांची बांधकामे व जहाजांचे दगडी नांगर मिळाले. बेट द्वारकेस उत्तर हडप्पा काळातील, तीन मुखांचा पशू कोरलेली शंखाची मुद्रा सापडली. नगरवासीयांनी जवळ बाळगावयाच्या मुद्रेचा उल्लेख हरिवंशात आहे. त्याच्याशी तिचा संबंध जोडून, हीच श्रीकृष्णांची द्वारका, असे मत डॉ. राव यांनी मांडले.

निर्णय का झालेला नाही?

हे मत सर्व अभ्यासकांना मान्य नाही. कोळसा किंवा लाकूड यांप्रमाणे दगडाचे वय कार्बन चाचणीने ठरत नाही. लाटा व भरती-ओहोटीमुळे सागरतळाचे थर विस्कटतात. तीन छिद्रांचे नांगर तर अनेक शतके वापरात होते. याच संस्थेच्या पुढील संशोधकांनी द्वारकेच्या समुद्रातील बरेचसे अवशेष नंतरच्या ऐतिहासिक काळातील बंदराचे मानले आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २००७ मध्ये व पुन्हा २०२५ मध्ये येथे पाण्याखाली संशोधन केले.

तात्पर्य, येथे प्राचीन वस्ती व गजबजलेले बंदर होते, हे निश्चित. तीच पुराणोक्त नगरी होती, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. ‘समुद्रात द्वारका सिद्ध झाली’ असे कोणी सांगितल्यास भाविकांनी हा भेद ध्यानी ठेवावा. आपली भक्ती उत्खननाच्या निकालावर अवलंबून नाही. म्हणूनच संशोधनाचे सत्य, जसे असेल तसे, निःशंक मनाने ऐकता येते.

यात्रेकरूंना विनंती

२०२४ मध्ये सुदर्शन सेतू खुला झाल्यापासून बेट द्वारकेस रस्त्याने जाता येते. तेथील किनाऱ्यावर जुन्या खापराचा तुकडा वा घडीव दगड दिसल्यास तो प्रसाद म्हणून उचलू नये. वस्तू जागेवरून हलली की ती कोणत्या थरातील, कोणत्या काळातील, हे सांगणारा पुरावा कायमचा नष्ट होतो. दर्शन घ्यावे, हात जोडावेत आणि ती वस्तू तेथेच राहू द्यावी. हीदेखील द्वारकाधीशांची सेवाच होय.