पातळी एक, अर्थ दोन

गेल्या सत्रात आमच्या मराठी मंडळाने शनिवारी एक तास सुरू केला, विज्ञान मराठीतून समजावून सांगायचा. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकायचं आणि पीयूसीला आल्या आल्या सगळं इंग्रजीत, ही आपल्या बेळगाव भागातल्या कितीतरी मुलांची गत. माझीही तीच होती. मी खानापूर तालुक्यातला, आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. म्हणून तो तास माझ्याकडे आला.

तिसऱ्या शनिवारी पीयूसी पहिल्या वर्षाच्या एका मुलीने विचारलं, "दादा, इलेक्ट्रॉन वरच्या पातळीत गेला की त्याची ऊर्जा वाढते असं तुम्हीच सांगितलात. मग अन्नसाखळीत वरच्या पातळीवर ऊर्जा कमी कशी होते?"

मी म्हटलं, "ते फिजिक्स, हे बायॉलॉजी. दोन्हींची गल्लत करू नकोस." वर्ग हसला. ती खाली बसली, आणि पुढच्या शनिवारी आलीच नाही.

खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं. दोन्ही धडे पाठ होते, पण शेजारी शेजारी ठेवून कधी बघितले नव्हते. त्यानंतर बसून बघितले, ते इथे लिहितो.

आधी अणू. गॅसवर मीठ घातलेलं भाताचं पाणी उतू गेलं की निळी ज्योत एकदम पिवळी होते, हे प्रत्येकाने घरी पाहिलेलं असतं. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. ज्योतीच्या उष्णतेने सोडियमचा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीत जातो, खाली येताना तेवढीच ऊर्जा प्रकाश म्हणून टाकतो. रंग नेहमी तोच, कारण दोन पातळ्यांतलं अंतर ठरलेलं.

पायऱ्यांची विहीर डोळ्यांसमोर आणा. तळाशी पहिली पायरी, वर काठ. काठावर आलेला इलेक्ट्रॉन अणूतून सुटला, म्हणून काठ म्हणजे शून्य. तळाकडे जाल तसं वजा वाढत जातं. हायड्रोजनमध्ये पहिली पायरी −१३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर, दुसरी −३.४ वर, तिसरी −१.५१ वर. (पायऱ्या सारख्या नाहीत, वर जाल तशा जवळ जवळ येतात. वजा चिन्हाने मला वर्षभर छळलं होतं. विहीर सुचली तेव्हा सुटलो.) तिसरीवरून दुसरीवर उतरताना १.८९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मोकळे होतात, तो ६५६ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश. नील्स बोर यांनी १९१३ साली हे गणित मांडलं. इलेक्ट्रॉन गोल गोल फिरतो हे त्यांचं चित्र पुढे मागे पडलं, पण हायड्रोजनचे हे आकडे टिकले. बेळगावातला हायड्रोजन आणि सूर्यावरचा हायड्रोजन, दोघांच्या पायऱ्या त्याच.

आता अन्नसाखळी. आपलं भाताचं शेत घ्या. भात नाकतोड्याने खाल्लं, नाकतोड्याला बेडकाने, बेडकाला सापाने, सापाला सर्पगरुडाने. इथे पातळी म्हणजे उन्हापासून घास कितव्या हातातून आला याची मोजणी. पुस्तकात 'पोषण पातळी' लिहितात. मला विचाराल तर 'पंगत' म्हणावं. पहिली पंगत, दुसरी पंगत. फरक एवढाच, की इथे दुसरी पंगत पहिल्या पंगतीलाच खाते.

समजा शेतातल्या भातरोपांनी वर्षभरात १०,००० एकक ऊर्जा अंगात साठवली. पुस्तकातल्या दहा टक्क्यांच्या हिशेबाने नाकतोड्यांच्या अंगी १,००० लागतील, बेडकांच्या १००, सापांच्या १०. बाकीची कुठे गेली? बरंचसं रोप कुणी खाल्लंच नाही. खाल्लेल्यातलं काही पचलं नाही, विष्ठेतून बाहेर पडलं. ते आणि वाळलेला पेंढा जिवाणूंच्या आणि गांडुळांच्या वाट्याला गेला. पचलेल्यातलं पुष्कळसं उड्या मारण्यात, श्वास घेण्यात, जिवंत राहण्यात खर्च होऊन उष्णता झालं. ऊर्जा नष्ट झाली नाही, पण ती उष्णता गोळा करून कुणाला पुन्हा खाता येत नाही. अणूत इलेक्ट्रॉन वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. अन्नसाखळीला असा उलटा रस्ता नाही.

हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो रेमंड लिंडमन यांनी. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सीडार बॉग नावाचं लहानसं तळं आहे, त्याच्यावर त्यांनी काही वर्षं काम केलं. शेवाळापासून माशांपर्यंत कोण कुणाला खातं आणि किती ऊर्जा पुढे सरकते, ते मोजलं. त्यांचा निबंध परीक्षकांनी आधी नाकारला. एवढ्याशा माहितीवर एवढा सिद्धांत नको, असं त्यांचं म्हणणं. शेवटी १९४२ मध्ये तो छापून आला, पण त्याआधीच लिंडमन वारले होते. वय अवघं २६. आमच्या वर्गातल्या पोरांपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे, बस्स.

गंमत म्हणजे त्यांच्या तळ्यात 'दहा टक्के' आलेच नव्हते. शेवाळ खाणाऱ्यांकडे सुमारे १३ टक्के, त्यांना खाणाऱ्यांकडे सुमारे २२ टक्के. दहा हा नंतर रूढ झालेला अंदाजी आकडा, आणि आपण परीक्षेत तो 'नियम' म्हणून लिहितो. तळं बदललं की आकडा बदलतो. हायड्रोजनचे १३.६ कुठेही बदलत नाहीत.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. अणूत 'वरची पातळी' म्हणतो तेव्हा आपण एका इलेक्ट्रॉनची ऊर्जा सांगत असतो. अन्नसाखळीत 'ऊर्जा कमी' म्हणतो ती एका सापाची नव्हे, शेतातल्या सगळ्या सापांची मिळून. किलोभर सापाच्या मांसात किलोभर नाकतोड्यांपेक्षा शंभरपट कमी ऊर्जा असते असं मुळीच नाही. साप तेवढे थोडे असतात, एवढंच. एकीकडे एकाची उंची, दुसरीकडे अख्ख्या पंगतीचा वाटा. शब्द एक, मोजमाप दोन.

पण 'दोन्ही वेगळं' हे माझं उत्तर इथेही पुरतं खरं नव्हतं, कारण दोन्ही पातळ्या एका जागी भेटतात, हिरव्या पानात. पालकाची पानं कुटून स्पिरिटमध्ये भिजवा (जवळपास आग नको), गाळून घ्या. अंधारात त्या हिरव्या पाण्यावर नोटा तपासायची जांभळी टॉर्च मारा. डोळ्यांवर मारू नका. हिरवं पाणी लालभडक दिसतं! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बाटली चुकली की काय वाटलं.

हरितद्रव्याच्या रेणूलाही ठरलेल्या पातळ्या असतात. निळ्या प्रकाशाचा कण सुमारे २.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणतो, इलेक्ट्रॉन उंच जातो, पण लगेच सुमारे १.८ च्या पातळीवर घसरतो. मधला फरक उष्णता होतो, म्हणजे पहिली गळती नाकतोडा यायच्या आधीच. बाटलीत तो इलेक्ट्रॉन घ्यायला पुढे कुणी नसतं, म्हणून तो खाली येताना लाल प्रकाश टाकतो. जिवंत पानात मात्र शेजारचा रेणू तो उचलतो, त्यातून पुढे साखर तयार होते, आणि तिथून भात, नाकतोडा, बेडूक.

परवा कॅन्टीनमध्ये ती मुलगी भेटली. त्या दिवशी माझं चुकलं म्हणून सांगितलं, आणि वरचं सगळं चहा गार होईपर्यंत बोललो. तिने ऐकून घेतलं.

"व्हय दादा, पण मग कावळा कुठल्या पंगतीला? तो भात पण खातो, नाकतोडे पण."

या वेळी थांबून हिशेब केला. नुसता भात खाल्ला तर दुसऱ्या, नुसते नाकतोडे खाल्ले तर तिसऱ्या. निम्मं निम्मं खात असेल तर अडीच. असं अपूर्णांकात खरोखरच मोजतात. हायड्रोजनची ऊर्जा कितीही वेळा मोजा, अडीचवी पायरी सापडायची नाही.