वजनाची रोजकीर्द



हृदयविकाराच्या रुग्णास घरी जाण्याची परवानगी ज्या दिवशी मिळते, त्या दिवसाची दुपार मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे. आणि तेलाच्या टाक्या व उसाचे मळे ज्याच्या शिवारात शेजारी-शेजारी नांदतात अशा आमच्या लोणी काळभोरात काय, किंवा पुणे शहरातील एखाद्या नामांकित इस्पितळात काय, ती दुपार सर्वत्र सारखीच असते. एक मुलगा बिलाच्या खिडकीशी उभा, दुसरा औषधांच्या दुकानात, जावई गाडी आत आणण्यासाठी पहारेकऱ्याशी हुज्जत घालतो आहे, सून पिशव्या बांधते आहे, आणि ज्याच्याकरिता हा सर्व खटाटोप चालला आहे तो रुग्ण पायांत वहाणा चढवून, एस.टी.च्या फलाटावर बसावे तसा, पलंगाच्या काठावर बसलेला आहे. नेमक्या त्याच घटकेला सिस्टर हातात कागद घेऊन येतात आणि म्हणतात, 'आबा, दहा मिनिटं बसा, गोळ्या समजावून सांगते.' आबा मान डोलावतात. परंतु त्यांचे लक्ष दाराबाहेरच्या गाडीकडे असते.

माझे प्रांजळ मत असे आहे की त्या दहा मिनिटांस आपण जी शिष्टाचाराची बाब समजतो, ती वस्तुतः उपचाराचीच बाब आहे, आणि स्टेंट बसविताना जितक्या आदराने आपण गप्प पडून राहतो तितक्याच आदराने या वेळी जागे राहून प्रश्न विचारले पाहिजेत.

याचे कारण आम्हां डॉक्टरांच्या बोलण्यात आहे. आमची भाषा बहुधा फर्मानाची असते. मीठ कमी करा, तंबाखू बंद, जड उचलू नका, महिन्याने दाखवा: एवढे चार हुकूम सोडून आम्ही पुढच्या पलंगाकडे वळतो, आणि त्या हुकमांची घरोघरी अंमलबजावणी कशी व्हायची याची तजवीज कोणी करायची, हा प्रश्न आमच्या दफ्तरी नोंदलाच जात नाही. 'मीठ कमी करा' म्हटल्यावर घरची माउली भाजीतील मीठ इमानेइतबारे काढून टाकते. मग ती अळणी भाजी उतरत नाही म्हणून ताटात लोणचे येते, त्याच्या जोडीला पापड, भाकरीवर खरडा, संध्याकाळी चहाबरोबर फरसाण आणि खारी, आणि अशा रीतीने पुढच्या दाराने घालविलेले मीठ मागच्या दाराने दुप्पट होऊन परत येते. जाणत्या सिस्टर पहिला प्रश्न रुग्णास विचारीतच नाहीत. त्या विचारतात, 'घरी स्वयंपाक कोण करतं?' आणि ज्या व्यक्तीचे नाव निघेल तिला बोलावून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसास दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पुरता भरू नये इतके मीठ सांगितले आहे. तेव्हा सकाळीच तेवढे मीठ रुग्णाच्या नावाने एका वाटीत काढून ठेवावे आणि दिवसभर त्यातूनच खर्च करावा, ही युक्ती मी एका परिचारिकेकडूनच शिकलो. उपवासाचे म्हणून सैंधव चालते, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे आहे. सैंधव हेही मीठच. पोटात गुबारा धरला म्हणून घेतलेल्या फसफसत्या सोड्यातही सोडियम असते. आणि बाजारात कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते त्यात पोटॅशियम असल्यामुळे, हृदयाच्या काही गोळ्या चालू असताना ते विचारल्यावाचून खाणे धोक्याचे ठरू शकते.

येथे माझ्या उमेदवारीच्या काळातील एक चूक कबूल करतो. हवेली तालुक्यातील एक वयस्क शेतकरी, ज्यांचे हृदय पहिल्या झटक्यानंतर दुबळे झाले होते आणि ज्यांच्या नातलगांना आम्ही इस्पितळी बोलीत 'पंपिंग कमी आहे' एवढेच सांगितले होते, ते बरे होऊन घरी गेले आणि नवव्या रात्री धाप लागलेल्या अवस्थेत परत आले. पाय सुजलेले, उताणे निजवत नाही, तीन उशा पाठीशी घेऊनही श्वास पुरत नाही. चौकशीत निघाले की त्यांनी लघवीची गोळी बंद केली होती. मी तरुण होतो, रागावलो, आणि निष्काळजीपणाबद्दल त्यांना चार शब्द सुनावले. त्यांनी बिनतक्रार ऐकून घेतले आणि कारण काही सांगितले नाही. पहाटे रात्रपाळीच्या सिस्टर स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, 'आबा, ती गोळी घेतली की काय होतं?' तेव्हा आबा म्हणाले, 'घटकेघटकेला पळावं लागतं, बाई. फेरफाराची तारीख होती, तहसिलात जायचं होतं. एस.टी.त कुठं पळू?' गोळी सकाळी घ्यावी हे मी लिहिले होते. प्रवासाच्या दिवशी ती चुकविण्याऐवजी दुपारी परत आल्यावर घेता येते, हे एक वाक्य मी लिहिले नव्हते, आणि ते वाक्य न सांगितल्याची किंमत त्या माणसाने आठ दिवसांच्या पलंगाने चुकविली. त्या सिस्टरने ते वाक्य सांगितले, त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले, आणि कागदावर गोळीपुढे सूर्याचे चित्र काढून दिले.

'पुन्हा म्हणवून घेणे' हा या शिक्षणाचा गाभा आहे. 'समजलं का?' या प्रश्नास आपल्या समाजात एकच उत्तर आहे, ते म्हणजे 'हो'. विशेषतः विचारणारा पांढऱ्या कपड्यांत असेल तर नाही म्हणणे हा उद्धटपणा वाटतो. म्हणून सिस्टर जर म्हणाल्या की 'मावशी, आता घरी जाऊन सुनेला काय सांगाल, ते मला सांगून दाखवा,' तर ही आपली परीक्षा घेतली जात आहे असे मानून संकोच करू नये. परीक्षा असलीच तर ती सांगणाऱ्याच्या सांगण्याची असते.

या कामाचा जमाखर्च पाहू म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला देतो. अमेरिकेतील सेंट लुई येथे, हृदय दुबळे झालेल्या ७० वर्षे व त्यावरील २८२ रुग्णांवर एक अभ्यास झाला आणि तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना नेहमीची सेवा मिळाली. उरलेल्यांना एका परिचारिकेच्या पुढाकाराने शिक्षण, आहाराचा सल्ला, औषधांची छाननी आणि घरी गेल्यावर पाठपुरावा मिळाला. ९० दिवसांत त्याच विकारासाठी पुन्हा दाखल होण्याचे प्रसंग पहिल्या गटात ५४ होते, दुसऱ्यात २४. हा प्रयोग कोणत्याही नव्या औषधाचा नव्हता. आपल्याकडेही १४ रुग्णालयांतील ८०६ हृदयरुग्णांच्या एका अभ्यासात, वर्षभर प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी भेटून समजावल्यावर लोक गोळ्या अधिक नियमाने घेऊ लागल्याचे दिसले, आणि तो निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

खरे पाहता पुणे प्रांतास शिकवून-समजावून आरोग्य राखण्याची ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. शुश्रूषेचे काम हलके समजले जाण्याच्या काळात, रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये ज्या पुणे सेवासदनाची धुरा वाहिली त्या संस्थेने स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. येथून काही मैलांवर उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ मध्ये निसर्गोपचाराचे जे केंद्र सुरू केले, त्या चिकित्सापद्धतीविषयी मतभेद असू शकतात आणि माझेही आहेत, परंतु रुग्णाने आपल्या शरीराची राखण स्वतः शिकावी हा त्यामागील हेतू मला नेहमीच पटत आला आहे. आणि वढू येथे डॉ. बानू कोयाजी यांनी के.ई.एम. रुग्णालयाच्या वतीने १९७० च्या दशकात गावातल्याच माणसांना आरोग्याचे शिक्षण देऊन गावासाठी उभे केले. असे असूनही आज आपण परिचारिकेस सुईसाठी मान देतो, शब्दांसाठी देत नाही. 'सिस्टरला काय कळतंय, डॉक्टरांनाच विचारू' हे वाक्य माझ्या दाराबाहेर मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा मला आता कंटाळा आला आहे.

आता ज्यांचे पंपिंग कमी आहे त्यांनी घरी काय करावे, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण येथे माहितीचा उपयोग सर्वाधिक. दुकानदार जशी रोजकीर्द लिहितो तशी आपल्या वजनाची रोजकीर्द लिहावी. सकाळी उठून, लघवीस जाऊन आल्यावर, चहापूर्वी, साधारण त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर उभे राहावे आणि आकडा तारखेपुढे लिहावा. अंगात साठणारे पाणी डोळ्यांना दिसण्यापूर्वी काट्याला दिसते. तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले, तर ते पुरणपोळीचे नव्हे, पाण्याचे समजावे, आणि पायावर सूज येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करावा. त्याच वहीत किती उशा घेऊन झोप लागली हेही लिहावे. एकीच्या दोन झाल्या तर ती तक्रार आहे, वय नव्हे. पाणी किती प्यावे याचे माप प्रत्येकाचे निराळे, ते विचारून घ्यावे व एका तांब्यात मोजून ठेवावे. अंगदुखीसाठी शेजाऱ्याकडून किंवा दुकानातून मागून घेतलेल्या गोळ्या मात्र कटाक्षाने टाळाव्यात, कारण त्यांतील पुष्कळ गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि ऊस खुरपून आलेल्या माणसाची कंबर मोकळी करताना त्याच्या छातीवर ओझे टाकतात.

ज्यांना स्टेंट बसला आहे त्यांची गोष्ट थोडी वेगळी. रक्त पातळ ठेवण्याच्या दोन गोळ्या सामान्यतः वर्षभर बरोबरीने चालतात. ही मुदत डॉक्टर कमी-जास्त करू शकतात, आपण नाही. दात काढायचा आहे, पाकीट संपले, बरे वाटते आहे, या तिन्ही सबबींवर गोळी बंद केल्याने स्टेंट अचानक बुजल्याची उदाहरणे प्रत्येक हृदयविभागात सांगितली जातात. पाकिटात आठ गोळ्या उरल्या की नवे आणावे.

तंबाखूविषयी पुरुषांना सर्वजण बोलतात. स्त्रियांच्या मिश्रीविषयी मात्र कोणी विचारीत नाही, आणि त्याही आपणहून सांगत नाहीत, कारण मिश्री म्हणजे दात घासणे अशीच त्यांची प्रामाणिक समजूत असते. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे, आणि हिरड्यांतून तिचे विष रक्तात उतरते. डॉक्टरसमोर पदर तोंडाला लावणाऱ्या माउल्या सिस्टरजवळ हे सहज बोलून जातात, हे मी कितीदा तरी पाहिले आहे. दांपत्यजीवनाविषयीही तसेच. झटक्यानंतर ते कधी सुरू करावे, हा प्रश्न मनात घेऊन नवरा-बायको महिनोन्महिने भीतीत काढतात. प्रकृती स्थिर असून दोन जिने न थांबता, छातीत न दुखता, धाप न लागता चढता येत असतील तर बहुधा भीतीचे कारण नसते. परंतु छातीत कळ आल्यास घ्यावयाची जिभेखालची गोळी किंवा त्या वर्गातील औषध चालू असणाऱ्यांनी शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या घेणे प्राणघातक होऊ शकते, म्हणून आधी स्पष्टपणे विचारून घ्यावे.

जिभेखालची गोळी ही बसून घ्यावयाची असते. उभ्याने घेतल्यास चक्कर येऊन पडण्याचा संभव. पाच मिनिटांत छातीतली कळ ओसरली नाही, तर १०८ क्रमांकास फोन करावा. दुचाकीवर मागे बसून, दोघांच्या मध्ये दाबून धरून रुग्णास आणण्याची जी पद्धत आमच्या भागात आहे तिला मायेशिवाय दुसरा आधार नाही.

माझी विनंती एवढीच की इस्पितळातून सुटी मिळण्याच्या दिवशी गाडी अर्धा तास उशिरा बोलवावी. घरातील स्वयंपाक करणारी व्यक्ती आणि गोळ्या देणारी व्यक्ती, या दोघांनाही पलंगापाशी बसवावे. जुन्या गोळ्यांची पिशवी सोबत असावी, म्हणजे एकच औषध दोन नावांनी चालू असल्याचे तेथेच उघडकीस येते. विभागाचा दूरध्वनी क्रमांक मागून घ्यावा, आणि आठवड्याने सिस्टरचा फोन आला तर 'सगळं ठीक आहे' म्हणून तो ठेवून न देता वही उघडून आकडे वाचून दाखवावेत. इस्पितळ दूर पडत असेल, तर गावच्या उपकेंद्रात रक्तदाब मोजून तोही त्याच वहीत उतरवून घ्यावा.

ज्येष्ठ महिना आला की आमच्याकडे आणखी एक प्रकार घडतो. तुकोबांची पालखी पुण्याहून निघून लोणी काळभोरच्या मुक्कामी येते, आणि दिंडीत चालून आलेले एक-दोन जुने हृदयरुग्ण रात्री गोळ्या मागायला येतात. गोळ्या कोणत्या, तर 'एक पांढरी, एक पिवळी'. वारीस जाऊ नका असे मी सांगत नाही, सांगून कोणी ऐकणार नाही, आणि ज्यांची प्रकृती स्थिर आहे त्यांना मना करण्याचे कारणही नसते. तथापि निघण्यापूर्वी दोन आठवडे सिस्टरांना भेटून यावे. किती चालावे, कोठून वाहनात बसावे, लघवीची गोळी वाटचालीच्या कोणत्या टप्प्यावर घ्यावी, एकादशीच्या खिचडीचे आणि खाऱ्या दाण्यांचे काय करावे, हे त्या ठरवून देतील. औषधांच्या कागदाच्या दोन प्रती काढाव्या. एक आपल्या बंडीच्या खिशात ठेवावी, आणि दुसरी दिंडीच्या विणेकऱ्याजवळ द्यावी.