पाणचक्की आणि संगणक

छत्रपती संभाजीनगर येथे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात एक जुनी पाणचक्की आहे. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांतून मातीच्या नळांवाटे आणलेले पाणी येथे उंचावरून हौदात पडे. त्याच्या जोराने पात्यांचे चाक फिरे आणि चाकाबरोबर दगडी जाते फिरू लागे. दळणाऱ्याने जात्यात धान्य ओतावे व पीठ गोळा करावे, एवढेच त्याचे काम. पाणी कोठून आले, चाकाला पाती किती, याची चौकशी करण्याचे त्याला कारण नव्हते.

चक्कीच्या या रचनेत जे तत्त्व दिसते, तेच आज संगणकाच्या प्रोग्रॅममध्येही वापरले जाते.

संगणकाला काम सांगताना दोन गोष्टी पुरवाव्या लागतात. एक म्हणजे माहिती, आणि दुसरी म्हणजे त्या माहितीचे काय करावे याच्या आज्ञा. आरंभीच्या काळात बहुधा माहिती एकीकडे व आज्ञा दुसरीकडे ठेवीत. प्रोग्रॅम लहान असे तोवर हे चालून जाई. तो वाढला, अनेकांनी मिळून लिहिला, की घोटाळे होऊ लागत.

समजा, एका शेतकऱ्याने बियाण्यासाठी बँकेत 500 रुपये साठविले आहेत. बँकेच्या प्रोग्रॅमचे अनेक भाग त्या शिलकेपर्यंत थेट पोहोचू शकतात. शेतकरी आणखी 300 रुपये भरतो. एका भागाच्या आज्ञेत चूक असल्यामुळे 500 मध्ये 300 मिळविण्याऐवजी 500 च्या जागी 300 लिहिले जातात. शिल्लक 800 व्हावयास हवी, ती 300 होते! वर्षभराची पुंजी कागदावरून नाहीशी झाली. ही चूक कोणी केली? शिलकेला हात लावू शकणारे भाग शंभर असतील, तर शंभर ठिकाणी शोध घ्यावा लागेल.

यावर उपाय असा की, शिल्लक आणि तिच्यात बदल करणाऱ्या आज्ञा एकाच ठिकाणी बांधून ठेवावयाच्या. अशा जोडगोळीस ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात. खाते हा एक ऑब्जेक्ट झाला. त्याच्या आत शिल्लक असते. बाहेरच्यांसाठी ‘जमा करा’, ‘रक्कम काढा’ आणि ‘शिल्लक सांगा’ अशी तीनच दारे असतात. कोणी 900 रुपये मागितले, तर ‘रक्कम काढा’ ही आज्ञा प्रथम शिल्लक पाहते आणि ती अपुरी असल्यास नकार देते. हा नियम एकदाच लिहावयाचा. तो सर्वांना सारखाच लागू होतो.

याने चुका अजिबात होत नाहीत, असे मात्र नाही. ‘जमा करा’ हीच आज्ञा चुकीची लिहिली, तर प्रत्येक खातेदाराचे नुकसान होईल. परंतु ती चूक कोठे शोधावी हे निश्चित असते, आणि एकदा दुरुस्त केली की सर्वत्र दुरुस्त होते.

दुसराही एक लाभ आहे. आज शिल्लक रुपये व पैसे अशा दोन आकड्यांत ठेवली असेल, आणि उद्या ती केवळ पैशांत ठेवावीशी वाटली, तर बदल खात्याच्या आतच करावा लागतो. बाहेरची दारे तशीच राहतात. चक्कीचे चाक बदलले, तरी धान्य ओतण्याची रीत बदलत नाही.

माहिती व आज्ञा यांना असे एकत्र आणण्याची कल्पना नॉर्वे देशातील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड या दोन शास्त्रज्ञांनी ‘सिम्युला 67’ या संगणकभाषेत साकार केली. पुढे 1972 मध्ये डेव्हिड पार्नास यांनी असे प्रतिपादन केले की, जे पुढे बदलण्याचा संभव आहे, ते प्रोग्रॅमच्या एकाच भागात झाकून ठेवावे. सी प्लस प्लस, जावा यांसारख्या भाषांतून हे विचार जगभर रुजले. डाल आणि न्यूगार्ड यांना 2001 सालचा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.

झाकून ठेवणे म्हणजे कोणाविषयी अविश्वास दाखविणे नव्हे. ज्याच्याकडे वस्तू सोपविली, त्याच्याकडेच तिची जबाबदारीही सोपविणे, हा त्यामागील हेतू आहे. शेतकऱ्याच्या 500 रुपयांचे रक्षण त्यावरच अवलंबून असते.

स्वाध्याय
1. शेतकऱ्याची शिल्लक 800 ऐवजी 300 का झाली?
2. माहिती व आज्ञा एकत्र ठेवल्याने चूक शोधणे सोपे का होते?
3. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तक हा ऑब्जेक्ट मानल्यास त्याच्या आत कोणती माहिती असेल व त्याला कोणती दारे असतील, ते लिहा.