काडी रुजवायची तर

‘माझ्या हाताला झाड लागत नाही’ असं पुन्हा म्हणू नकोस, बाई. यात हाताचा काही दोष नसतो. झाडापासून तोडलेल्या काडीला पानं असतात, पण मुळं नसतात. म्हणजे खर्च चालू आणि जमा बंद. मुळं येईपर्यंत तिचा खर्च कमी ठेवायचा, एवढंच आपलं काम. ही एक गोष्ट ध्यानात ठेवलीस की बाकीचं आपोआप सुचत जाईल.

काडी सकाळी काढ. रात्रभरात झाड पाणी पिऊन टवटवीत झालेलं असतं. कळ्या-फुलं असलेली फांदी नको, तिचा जीव फुलात गुंतलेला असतो. अगदी कोवळी काडी सडते, जून झालेली रुजायला कंटाळते, म्हणून मधली निवड. जास्वंद आणि गावठी गुलाबाला पेन्सिलीएवढी जाड, सहा-आठ इंचांची, तीन-चार पेरांची काडी घे. मोगऱ्याची थोडी बारीक आणि आखूड चालते. खालचा छेद पेराच्या लगेच खाली, तिरका दे. मुळं बहुतेक तिथूनच फुटतात. वरचा छेद सरळ ठेव, म्हणजे कोणतं टोक मातीत जायचं याचा घोळ होत नाही. उलटी खोचलेली काडी फुकट जाते. बोथट कात्रीने देठ चेंगरतो, म्हणून स्पिरिटने पुसलेलं नवं ब्लेड वापर.

खालची पानं काढून टाक, शेंड्याची दोन-तीन ठेव. जास्वंदीची मोठी असतील तर निम्मी कापून टाक. पानांतूनच पाणी उडतं, पण मुळं फुटायला लागणारा रसही कोवळ्या पानांत आणि डोळ्यांतच तयार होतो. तेव्हा काडी साफ बोडकी करू नकोस.

कोकोपीट आणि जाड वाळू निम्मी-निम्मी घे. शेणखत, गांडूळखत आत्ता अजिबात नको. ज्याला तोंडच नाही त्याला वाढून काय उपयोग? उलट ताज्या छेदाला बुरशी लागते. मिश्रण मुठीत दाबलं की एखाददुसरा थेंब पडावा, धार लागू नये. आधी पेन्सिलीने भोक पाड, मग काडी सोड, नाहीतर लावलेली पावडर वरच घासून जाते. पावडर म्हणजे नर्सरीत मिळते ती मुळं फुटण्याची. तिच्यात इंडोल ब्युटिरिक आम्ल असतं. काडीचं खालचं टोक तिच्यात जरासं बुडवून झटकायचं, पावडर जास्त झाली तर अपायच. गुलाब-मोगऱ्याला ती कामी येते. तुळस आणि मनीप्लांटला गरज नाही.

आता वरून पारदर्शक पिशवी घाल, आतली हवा दमट राहते. कुंडी उजेडाच्या खिडकीत ठेव, पण ऊन नको. पिशवीत काडी शिजते. खिडकी अंधारी असेल तर पांढरा एलईडी दिवा फूटभर वर टांगून 12 ते 14 तास लाव. पंखा आणि एसीचा झोत मात्र लांब. रोज पाच मिनिटं पिशवी उघडून वारा दे. मृगापासून श्रावणापर्यंत मुंबई-कोकणात पिशवीचं काम पाऊसच करतो. विदर्भातल्या मे महिन्यात हा खटाटोप करूच नकोस.

नवं पान फुटलं म्हणून नाचू नकोस. ते काडीतल्या साठ्यावर येतं, मुळांशिवायही येतं. आणि मुळं आली का म्हणून काडी उपटून तर मुळीच बघू नकोस. पारदर्शक पेल्यात लावलीस तर कडेने पांढरे धागे दिसतात. पाण्यातली तुळस एक-दोन आठवड्यांत मुळं धरते. जास्वंद, मोगरा, गुलाब चार ते सहा आठवडे घेतात.

काहींची तऱ्हाच वेगळी. मनीप्लांटचं पेराशिवाय नुसतं पान पाण्यात हिरवं राहतं, वेल कधीच होत नाही. पिवळ्या कडांच्या स्नेक प्लांटचं पान लावलंस तर पिल्लं साधी हिरवी येतात. कडा हव्या असतील तर गड्डाच वेगळा कर. देवचाफ्याची फांदी आधी आठवडाभर सावलीत सुकव, चीक आटू दे. कढीपत्त्याच्या काडीमागे लागू नकोस, बुंध्याशी आलेलं पिल्लू मुळासकट काढ.

मुळं इंच-दीड इंच झाली की हलवायचं, संध्याकाळी. पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, ती फार लांबू देऊ नकोस आणि मातीत गेल्यावर पहिला आठवडा ओल तुटू देऊ नकोस. कुंडी चार इंचांचीच घे. मोठ्या कुंडीतलं पाणी एवढीशी मुळं संपवू शकत नाहीत, माती चिखल होऊन बसते. देठाला धरून ओढू नकोस, मुळांभोवतालच्या मातीसकट उचल. माती, कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं खत समभाग पुरे. वरखत नवी वाढ दिसल्यावरच. आठवडाभर सावली, मग सकाळचं कोवळं ऊन, मग हळूहळू जास्त. पहिल्या कळ्या जीव कठोर करून खुड.

एक झाड हवं असेल तर चार काड्या लाव; सगळ्या जगत नाहीत. जास्तीची जगली तर शेजारी देऊन टाक. आपलं झाड कधी गेलं, तर काडी मागायला एक घर हक्काचं राहतं.