ऊसतोडणीचा हंगाम आणि बाळाचे जन्मवजन

दसरा-दिवाळी उलटली की बालाघाटच्या परिसरातील गावोगावच्या वेशीवर मालमोटारी आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज या तालुक्यांतील अवर्षणप्रवण गावांतून लक्षावधी स्त्री-पुरुष ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. भांडीकुंडी, धान्याची पोती, जनावरे आणि पोरेबाळे यांच्यासह संसार पाच-सहा महिन्यांसाठी हलतो. या स्थलांतराचे आर्थिक हिशेब पुष्कळांनी मांडले आहेत. या काळात गरोदर असलेल्या स्त्रियांच्या पोटी जन्मणाऱ्या अर्भकांच्या वजनाचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

जन्मतः २५०० ग्रॅमपेक्षा कमी भरलेले मूल कमी वजनाचे मानावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ९८ लक्ष बालके जन्मली, म्हणजे दर सात नवजातांमागे जवळजवळ एक. त्यांत सर्वांत मोठा वाटा दक्षिण आशियाचा होता. वजन कमी भरण्याची कारणे मुख्यतः दोन. एक तर मूल ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच जन्मते किंवा दिवस भरूनही गर्भाशयात त्याची वाढ खुंटलेली असते. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारची बालके विशेष आढळतात. अठ्ठाविसाव्या आठवड्यात गर्भाचे वजन साधारण एक किलोग्रॅम असते. उरलेले बहुतेक सर्व वजन शेवटच्या तीन महिन्यांत वाढते. जून-जुलैमध्ये दिवस गेलेल्या स्त्रीचे हेच तीन महिने ऐन गळीत हंगामात, उसाच्या फडात जातात.

फडातील काम भल्या पहाटे सुरू होते. ऊस तोडायचा, पाचट सोलायचे, वाढे छाटायचे, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल त्या दोघांच्या नावे असते. एकाने काम थांबविले तर खाडा पडतो आणि तो उचलीच्या हिशेबात चढतो. म्हणून आठव्या-नवव्या महिन्यातही पुष्कळ स्त्रिया मोळी उचलतात. त्यांना धोका कळत नाही, असे समजणे अन्यायाचे होईल.

श्रम आणि गर्भाची वाढ यांच्या संबंधाचा विचार महाराष्ट्रातच झालेला आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचा आहार, श्रम आणि त्यांची बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजातांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ होते. ज्या मातांना शेतीचे व घरचे काम अधिक, त्यांची बालके लहान असल्याचे दिसले. ज्यांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार होते, त्यांची बालके वजनाने सरस होती. ही खेडी स्थिर वस्तीची होती. फडातील कष्ट त्याहून कितीतरी जड आणि आहार त्याहून कितीतरी तोकडा. भाकरी, ठेचा, कधी डाळ. भाजी विकत घ्यायची तर बाजार दूर. कोपीजवळ संडास नसतो म्हणून स्त्रिया पाणी बेताने पितात आणि त्यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग जडतो. अकाली प्रसूतीच्या कारणांत त्याचीही गणना होते.

मातेचे वयही ध्यानात घ्यावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील शेकडा ४३ हून अधिक स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेला होता. कोयत्याला जोडी लागते, हेही त्यामागचे एक कारण. जिचे स्वतःचे हाडपेर अजून भरायचे आहे, तिच्यातच गर्भही वाटेकरी होतो.

२०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती. त्यावर राज्यभर चर्चा झाली आणि ती आवश्यकच होती. गर्भाशयात मूल वाढत असताना या स्त्रीचे काय होते, याची चर्चा मात्र तेवढी झाली नाही.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत येथेही आहे. परंतु पुष्कळदा माहेरची माणसेही दुसऱ्या एखाद्या फडात असतात आणि गावच्या घराला कुलूप असते. मग प्रसूती होते ती कारखान्याच्या परिसरातील दवाखान्यात, नाहीतर कोपीत. कोपीत जन्मलेल्या मुलाचे वजन वेळेवर होतच नाही. पहिल्या काही दिवसांत प्रत्येक बाळाचे वजन थोडे उतरते, त्यामुळे उशिरा केलेली नोंद जन्मवजन सांगत नाही.

कमी वजनाच्या बाळाला पहिला धोका थंडीचा. अंगावर चरबी नसल्याने पौषातल्या रात्री पाटाकाठच्या कोपीत ते लवकर गारठते. यावरचा उपाय खर्चाचा नाही. बाळाला मातेच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरायचे, वरून पांघरूण घालायचे आणि केवळ स्तनपान द्यायचे. ही ‘कांगारू’ पद्धती १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी रूढ केली. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरोघरी नवजातांची काळजी घेतली, तेव्हा तीन वर्षांत नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. तोच धडा पुढे २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींत उतरला.

परंतु कांगारू पद्धतीला दिवसाचे अनेक तास आणि कित्येक आठवडे माता जवळ लागते. ती पंधरा दिवसांत फडावर परतली, तर बाळाची ऊब तिच्याबरोबर जाते. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी मिळणारे ५,००० रुपये या खाड्यांची भरपाई करण्यास अपुरे पडतात, आणि त्यासाठीची नोंद बहुधा मूळ गावी राहिलेली असते. माता व बाल संरक्षण कार्ड गाठोड्यात बांधून नेले, तर निदान तपासण्या व लसी जेथल्या तेथे पुढे चालू राहतात. हे कार्ड सोबत आहे की नाही, हे गाडी वेशीवर उभी असतानाच पाहून घेणे गावच्या आशाला शक्य आहे. आशाच्या गृहभेटी जन्मापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या असतात. एका शिवारातला ऊस संपला की टोळीचा मुक्काम मात्र त्याआधीच पुढच्या गावी हललेला असतो.