तेरचे त्रिविक्रम मंदिर

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून आपण ते ओळखतो. परंतु गोरोबांच्या आधी सुमारे बाराशे वर्षे हेच गाव ‘तगर’ या नावाने व्यापारासाठी दूरदेशी प्रसिद्ध होते. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे.

या गावात त्रिविक्रमाचे प्राचीन मंदिर आहे. ते विटांचे असून त्याची मागील बाजू अर्धवर्तुळाकार आहे. छप्पर हत्तीच्या पाठीसारखे फुगीर आहे. म्हणून अशा रचनेला ‘गजपृष्ठाकार’ म्हणतात. विटांचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित पुढे काढीत नेला, की दोन्ही बाजू वर एकमेकींना येऊन मिळतात. अशा रीतीने तुळईवाचून छप्पर तोलले जाते.

कार्ले, भाजे येथील लेण्यांतील चैत्यगृहांचा आकारही असाच आहे. हे साम्य पाहून हेन्री कझिन्स या संशोधकाने ही वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह असावी, असे मत मांडले. पुढे तिच्यासमोर सपाट छताचा मंडप जोडला गेला व आत त्रिविक्रमाची पूजा होऊ लागली. वास्तू वापरात राहिली, म्हणून तिची निगा राहिली.

मात्र निगा राखणाऱ्याचा हातही जपून चालावा लागतो. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात खेडोपाडीच्या मध्ययुगीन चर्चांची दुरुस्ती होताना जुने काम खरवडून काढले जाई व त्या जागी नवे बसविले जाई. ते पाहून विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. ‘डागडुजी करा, पण जुने पुसू नका,’ असा तिचा आग्रह होता.

विटांच्या वास्तूला हा नियम विशेष लागू पडतो. जुनी वीट ओल शोषते आणि हळूहळू बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला, तर ओल आत कोंडते व वीट भुगा होऊन झडते. चुन्याचा गिलावा मात्र तिला श्वास घेऊ देतो.

मुलांनो, वृद्ध आजोबांची आपण शुश्रूषा करतो, ती त्यांना तरुण करण्यासाठी नव्हे. ते आपल्यात अधिक काळ राहावेत म्हणून. जुन्या वास्तूची सेवाही तशीच करावयाची असते.